भानूचा बेंजो, माझं मशीन

४ जानेवारी, रवि.
भानू आला होता. दुकान आज बंद, म्हणून घरीच. हर्सूलहून सायकलवर, या वयात. पायरीवर टेकायच्या आधीच विचारलं, "वसंता, झाला का माझा बेंजो?"
"स्प्रिंगा आल्या नाहीत अजून," मी.
सपशेल खोटं. दिवाळीत आणला होता त्याच्याकडून. डाव्या हाताने दाबायच्या पट्ट्यांपैकी दोन खाली गेल्या की वर येत नव्हत्या, एवढंच काम. म्हटलं, आणलाच आहे तर खालच्या फळीचा जोडही चिकटवून टाकू. सरस लावला, वाळायला गच्चीवर ठेवला आणि विसरलो. तीन दिवस ऊन, तीन रात्री दव. फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत उलली. टाईपरायटरच्या मेकॅनिकने लाकडाच्या नादी लागू नये, पण माझा हात शिवशिवतो.
जाताना म्हणाला, "होळी झाली की आम्ही नांदेडला. लेकीकडं. आता तिथंच राहायचं."
एकतीस वर्षं झाली ओळखीला. असं सांगतो जसं काही सिल्लोडला बाजाराला चाललाय.

५ जाने., सोम.
सौ.ला सांगितलं. ती भजनी मंडळात पेटी वाजवते, त्यामुळे तुटक्या वाद्याचं तिला माझ्यापेक्षा जास्त लागलं. "आधी भाऊजींना सांगा. मग काय करायचं ते करा."
शहाणपणाचं बोलली की मला राग येतो. म्हटलं, नवा करून देतो आणि मगच सांगतो. रिकाम्या हाताने जाऊन तोंड काय दाखवायचं?

८ जाने., गुरु.
सुचलं! सकाळी दाढी करताना.
भानूच्या कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा टाईपरायटरची जुनी मशीनं लिलावात निघाली, त्यातली नऊ माझ्या दुकानात पडून आहेत. त्यातलं एक भानूचं. मला डोळे बांधून ओळखता येईल. डाव्या कोपऱ्याला पोचा, 'य' पुसलेला, आणि स्पेसबारला त्याच्या अंगठ्याने पडलेला खळगा. सव्वीस वर्षं टायपिस्ट म्हणून त्याच एका मशीनवर बसला तो. मीच दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन तेलपाणी करायचो, तिथेच तर ओळख झाली. पहिल्या दिवशी म्हणाला होता, "मेकॅनिकसाहेब, आधी चहा घ्या, मशीन कुठं पळून जातंय?"
तर त्या मशीनची बटणं बेंजोला लावायची. नुसती बटणं नाही, सगळा बेंजोच टाईपरायटरसारखा. काळा चकचकीत रंग, कडेला सोनेरी बारीक रेघ, निकेलची कड असलेली गोल बटणं. आणि घंटी! ओळ संपत आली की वाजायची ती. ती शेवटच्या, सगळ्यात वरच्या सुराच्या पट्टीला जोडायची.
दिवसभर गिऱ्हाइकांशी नीट बोललो नाही.

१० जाने., शनि.
शहागंजात रफीकभाईंकडे. सुतारकामात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, पण जीभ कडू. मी कागदावर काढून नेलेलं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.
"बाजा बनारे के टाईप मशीन बनारे?"
"दोन्ही," मी.
"दोन्ही नक्को बोलो मियाँ. एक बोलो."
सागवान द्यायला तयार झाले. जुन्या दाराचं, मुरलेलं. फुटका बेंजो दाखवला तर फळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ये फेंकना नक्को. फेकणार नव्हतोच. दुकानात वरच्या फळीवर ठेवलाय, पोत्यात गुंडाळून.

१५ जाने., गुरु. संक्रांत.
भानू तिळगूळ घेऊन दुकानात. टेबलावर त्याच्याच मशीनचा सांगाडा, अर्धी बटणं काढलेली. झटकन फडकं टाकलं.
"काय झाकू राहिला?"
"गिऱ्हाइकाचं काम."
त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. काउंटरवर हात टेकून काहीतरी गुणगुणत बसला. बेंजो नाही तर बोटं काउंटरवर चालतात. मी आपला नेहमीप्रमाणे बोटांकडे पाहत होतो, मला गाण्यातलं काही कळत नाही. एक बोट दाबतं, तसंच राहतं, मग दुसरं येतं तेव्हा पहिलं सावकाश सुटतं. पाहिलं, एवढंच. डोक्यात मशीनच्या स्प्रिंगा होत्या.
म्हणाला, "स्प्रिंगा आल्या का रे?"
"मुंबईहून यायच्यात."
खोट्याला आता गावही मिळालं.

२१ जाने., बुध.
पट्ट्यांच्या अंतराने जीव खाल्ला. टाईपरायटरची बटणं सारख्या अंतरावर. बेंजोत तसं नाही, वरच्या सुराकडे जावं तसं अंतर कमी कमी होत जातं, कारण पट्टी तारेवर जिथे टेकते तिथे सूर ठरतो. माझा पहिला सांगाडा वाया. रफीकभाई हसले असते म्हणून त्यांना सांगितलंच नाही. फुटक्या बेंजोवरून कागद घासून ठसा घेतला, तो नव्या फळीवर चिकटवला. आता बरोबर.

३० जाने., शुक्र.
स्प्रिंगा बसवल्या. त्याच मशीनच्या. बटण दाबलं की अशी उसळी घेऊन वर येतं! बाजारातल्या बेंजोची बटणं म्हणजे नुसती मरगळ. हे जिवंत आहे. एकटाच दाबत बसलो, चहा गार झाला.
भानू रिटायर झाला तो दिवस आठवला. साहेबांनी भाषणात म्हटलं, एवढी वर्षं ज्या मशीनवर काम केलं ते भानुदासरावांनी आठवण म्हणून घरी न्यावं. भानू हसला, "ठेवा साहेब इथंच. माझ्याच्यानं नाय उचलायचं." सगळे हसले. वजनदार धूड होतंच ते. आता त्याला हलकं करून देतोय.

७ फेब्रु., शनि.
रंगाचा तिसरा हात. सोनेरी रेघ मारताना श्वास रोखून धरला होता. सौ. डबा घेऊन आली तर मी नुसतं हाताने थांब म्हणून खूण केली, दारातच उभी राहिली बिचारी.

१३ फेब्रु., शुक्र.
तारा चढवल्या. घंटीला त्रास. शेवटची पट्टी दाबली की बरोबर एकदा वाजते, पण बेंजोला नुसता धक्का लागला तरी वाजते. दोनदा आवळली. शेवटी सोडून दिलं.

१९ फेब्रु., गुरु.
सौ.ने पेटी समोर ठेवून तारा सुरात लावून दिल्या. एकेक पट्टी दाबून पाहिली. "सूर बरोबर आहेत सगळे." मी फुगलो. मग म्हणाली, "पण हाताला कडक लागतंय. सोडायच्या आत वर येतंय."
"ती उसळी आहे."
"असेल," म्हणाली आणि आवरायला गेली.
रविवारी भानू आणि गयावहिनींना जेवायला बोलावलंय.

२२ फेब्रु., रवि.
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.
जेवणं झाली. धपाटे, दही, ठेचा. भानू खुशीत होता. नव्या बेंजोवरची चादर काढली. गयावहिनी "अगं बाई" म्हणाल्या. भानू उठला. जवळ आला, 'य' पुसलेल्या बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याने ओळखलं. मला वाटलं, आता डोळ्यात पाणी येणार गड्याच्या.
मांडीवर घेतला. उजव्या हातात तारा छेडायची प्लॅस्टिकची पट्टी. डावा हात बटणांवर ठेवला आणि त्याची पाठ ताठ झाली. मी शेकडो वेळा पाहिलेली पाठ, कचेरीतली. बटणं टक् टक् टक्. सूर निघायचा आणि तुटायचा. दाबून धरायच्या ऐवजी बोट ठोकून वर येत होतं. थांबला, हात झटकला, पुन्हा सुरू केलं. पुन्हा टक् टक्. तिसऱ्यांदा शेवटच्या पट्टीपर्यंत गेला, टिंग वाजली, आणि त्याचा डावा हात बटणं सोडून आपोआप बाजूला गेला. ओळ संपली की कॅरेज मागे ढकलायची, तसा. तिथे काही नव्हतं. हात हवेतच राहिला.
कोणी हसलं नाही.
"माझा जुना कुठंय वसंता?"
सांगितलं सगळं. गच्ची, ऊन, दव, मुंबईच्या स्प्रिंगा. तो म्हणाला, "लाकूडच ते. फुटायचंच." मग नव्या बेंजोवर चादर टाकली, नीट, कोपरे ओढून. "लई मेहनत घेतलीस. राहू दे इथंच थोडे दिवस."
गयावहिनींनी सौ.च्या हातात आमचा मागचा रिकामा डबा परत दिला आणि दोघं गेली.

२३ फेब्रु., सोम.
राग आलाय. दीड महिना घातला. एवढी सुबक वस्तू या शहरात दुसऱ्या कोणी करून दाखवावी. फळी फुटली त्याचं त्याला काही नाही, आणि हे मात्र नको! नाही वाजवता आलं तर सवय कर म्हणावं. मला नाही का कॉम्प्युटरचे की-बोर्ड दुरुस्त करायची सवय करावी लागली?
सौ. म्हणाली, "जाऊन या हर्सूलला." गेलो नाही.

२५ फेब्रु., बुध.
गेलो.
तळ्याकडच्या बाजूला त्यांच्या ओट्यावर बसलो. घरात खोकी बांधलेली, भिंती उघड्या. गयावहिनींनी चहा ठेवला आणि आत गेल्या.  मग भानू बोलला, माझ्याकडे न पाहता. जसं आठवतं तसं:
"तुला ते मशीन लई आवडायचं. तेल घालायचास तेव्हा लेकराला न्हाऊ घातल्यावाणी घालायचास. मला बरं वाटायचं बघून. पण म्या त्याच्यावर काय बडवलं ते तुला ठाऊक नाय. घरं खाली करा, वावरं सोडा, अपील नामंजूर. बापूकाकाच्या वावराचा हुकूम पण माझ्याच हातनं गेला. रस्त्यात गेलं ना ते, त्याचा. तीन प्रती, कार्बन लावून. एक चूक नाय काढली सायबानं."
 बापूकाका म्हणजे त्याचा सख्खा चुलता, भानूचे वडील गेल्यावर त्यांनीच त्याला वाढवलं.
"त्या दिवशी घरी आलो तर काका इथंच बसलेला. त्याला कागद अजून मिळायचा होता. ज्वारीचं सांगत होता, कणसं कशी भरली ते. काय बोलणार? म्या बेंजो काढला. रोजच काढायचो, पाणी प्यायच्या आधी. हात धुतल्यावाणी. काका म्हणाला, आज लई गोड वाजवू राहिला."
मग म्हणाला, "तू पण होतास त्या दिवशी."
मला आठवत नाही. किती संध्याकाळी मी या ओट्यावर बसलो, चहा प्यायलो, पट्ट्यांची उसळी पाहिली. त्यातली ती कोणती, मला सांगता येत नाही. लाज वाटली. हे मी सरळ लिहितो, लाज वाटली.
म्हटलं, "काढून टाकतो बटणं. दुसरी बसवतो."
"बसव. पण आता एक झालंय वसंता." डावा हात ओट्याच्या फरशीवर ठेवला. "रविवारपासून इथं बोटं चालवून बघू राहिलो. टक् टक्च येतंय. हापिसाचा हात आणि घरचा हात आजवर वेगळा होता. आता गाठ पडली दोघांची."

२६ फेब्रु., गुरु.
दुकान उघडलं नाही. फुटकी फळी मीच फोडली, ते त्याने एका वाक्यात सोडून दिलं. पण हे? बत्तीस वर्षं नोकरी करून त्याने एक गोष्ट स्वच्छ ठेवली होती. ती मी कौतुकाने घाण केली. त्याच्यासाठी बनवतोय म्हणत होतो आणि सगळं माझ्या आवडीचं घातलं. रफीकभाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, एक बोलो.

२८ फेब्रु., शनि.
बटणं उतरवली. सगळी. डब्यात घालून झाकण लावलं.
पोत्यातली जुनी फळी काढली आणि रफीकभाईंकडे नेली. म्हटलं, हिच्यातून पट्ट्यांची बटणं काढून द्या. चपटी, कडा गोल, अक्षर नको, कड नको. उललेली असली तरी बारीक तुकडे निघतील. रफीकभाईंनी पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. "हाँ. ये बराबर बोले."
स्प्रिंगाही बदलल्या. जुन्याच बेंजोच्या, थकलेल्या. ज्या दोन वर येत नव्हत्या तेवढ्या नव्या. दाबलं की सावकाश वर येतात. मेकॅनिक म्हणून मला हे बघवत नाही.

१ मार्च, सोम.
भानूला निरोप धाडला होता, बघून जा म्हणून. आला. लाकडी बटणांवर तळहात फिरवला, दाबलं मात्र एकही नाही. जुनी फळी ओळखली. मी म्हटलं, काळा रंगही खरवडून काढतो. सोनेरी रेघ काढतो. घंटी काढतो.
"रंग राहू दे, चांगला दिसतोय. आन् घंटी नको काढू."
"का रे?"
"त्या मशीनमध्ये तेवढीच एक बरी होती. ओळ संपली म्हणून सांगायची."
हसला. मीही हसलो. त्या जेवणाच्या रविवारनंतर पहिल्यांदा.
वाजवून बघ, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सौ.ने डोळ्याने गप्प केलं.

४ मार्च, गुरु.
सौ.ने पुन्हा तारा लावून दिल्या. आवाज आता मऊ येतो, थोडा दबका. "आता हाताला लागत नाही," म्हणाली. मी खोळ शिवून घेतली, जाड, आतून अस्तर लावून. घंटीचं काम तसंच अर्धवट. तिचा ढिलेपणा जात नाही.

६ मार्च, शनि. होळी.
हर्सूलला गेलो होतो दोघं. त्यांच्या गल्लीतली होळी. बेंजो नेऊन दिला. भानूने खोळ उघडली नाही, दोन्ही हातांनी घेतला आणि आतल्या खोलीत सामानावर सगळ्यात वर ठेवला. गयावहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनी हात लावला नाय म्हणून वाईट वाटून घेऊ नका. परवापासून सारखं बोटांकडंच बघत बसतेत." वाईट वाटून नको घेऊ तर काय करू?
ओट्यावर शेवटचं बसणं झालं. शेवटचं असं कोणी म्हटलं नाही.

८ मार्च, सोम.
सकाळी स्टँडवर. नांदेडची गाडी. सामान टपावर, बेंजो मात्र त्याने मांडीवर घेतला. खिडकीतून हात बाहेर काढला, मी धरला. डावा हात. पेनाच्या गाठी नाहीत त्याला, टाईपिंगच्याही नाहीत, मऊच आहे. एवढ्या वर्षांत कधी धरून पाहिला नव्हता.
म्हटलं, "पोचला की फोन कर."
"फोनवर मला बोलता येत नाय, तुला ठाऊक आहे. लागला सूर तर वाजवीन आन् तुला ऐकवीन. नाय लागला तर..."
गाडी सुटली. पुढे काय म्हणाला ते इंजिनच्या आवाजात गेलं. खड्ड्यावरून गाडी वळली तेव्हा त्याच्या मांडीवरून टिंग ऐकू आली. शेजारचा माणूस इकडेतिकडे पाहत होता.

११ मार्च, गुरु.
फोन नाही. गयावहिनींनी हर्सूलच्या शेजाऱ्यांकडे निरोप दिला होता, सुखरूप पोचलो. भानूचं काही नाही.
दुकानात उरलेल्या मशीनांवरची धूळ पुसली. सवयीने तेलाची बाटली हातात घेतली आणि परत ठेवली. मग पुन्हा घेतली. मशीनचा काय दोष त्यात? घातलं तेल.

१४ मार्च, रवि.
रविवार. पायरीवर कोणी नाही. रफीकभाई मात्र अचानक आले, पहिल्यांदाच घरी. चहा घेतला. "बजाया क्या आपके दोस्त ने?" म्हटलं, माहीत नाही. "पूछो नक्को," म्हणाले.

१७ मार्च, बुध.
दुपारी दुकानातून जेवायला आलो तर सौ. फोनपाशीच उभी. फोन आला होता, म्हणाली. हॅलो हॅलो केलं, कोणी बोललं नाही. मग एकदा घंटी वाजली, टिंग, आणि फोन ठेवला.
"त्याच्या आधी काही? सूर वगैरे?"
"मी पदर खोचत होते, रिसीव्हर खांद्याला. काहीतरी होतं. मऊसं. की माझ्याच बांगड्या होत्या, शप्पथ सांगू का, नाही कळलं."
"टक् टक् होतं?"
ती विचार करून म्हणाली, "नाही. टक् टक् नव्हतं." मग, "तसं नक्की नाही सांगता येत."
घंटी शेवटच्या पट्टीला वाजते. पहिल्या पट्टीपासून तिथवर हात गेला असेल तर भानूने पूर्ण वाजवलं. किंवा फोन ठेवताना बेंजोला कोपर लागलं असेल. दोनदा आवळली होती मी ती, तरी ढिलीच राहिली.
जेवण झालं. अडीच वाजलेत. दुकान उघडायचं आहे, गिऱ्हाईक येऊन थांबलं असेल. मी फोनपाशीच बसलोय. नंबर पाठ आहे. सौ. दोनदा म्हणाली, लावा की. पण लावला आणि त्यानेच उचलला, तर मी विचारल्याशिवाय राहणार नाही.